निनावी सहलेखिका

साठचं दशक नुकतंच लागलंय. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका खेड्यात तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसला आहात. भोवती शेतकरी संघटनेची माणसं आहेत. दुसऱ्याच्या रानात राबून हातांना घट्टे पडलेले पुरुष, पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या बायका, उन्हानं रापलेले म्हातारे. पोर्तुगीज येत नसली तरी काळजी करू नका. या प्रवासात तेवढी सवलत आहे, सगळं समजेल.

समोर नाटक रंगात आलंय. साओ पावलोच्या 'आरेना थिएटर'ची मंडळी दौऱ्यावर आहेत. शहरात वाढलेली, शिकलेली तरुण मुलं-मुली शेतकऱ्यांचे कपडे घालून शेतकऱ्यांना त्यांचीच गोष्ट सांगताहेत. शेवटच्या प्रवेशात सगळे ओळीनं उभे राहतात, हातातल्या बंदुका उंच धरतात आणि एका सुरात गाऊ लागतात. जमीन आपली आहे, रक्त सांडावं लागलं तरी बेहत्तर पण ती घेऊच, असा त्या गाण्याचा मतलब. तुम्ही पुढेच बसला आहात, त्यामुळे बंदुका लाकडाच्या असल्याचं तुम्हाला दिसतं. त्यांना भडक रंग दिलाय.

टाळ्या पडतात, तुम्हीही वाजवता. तुम्ही तर नाटकवेड्या मुलखातून आलेले. एकच पद 'वन्स मोअर' म्हणत पुन्हा पुन्हा गाऊन घेणाऱ्या, प्रयोग पहाटेपर्यंत लांबवणाऱ्या प्रेक्षकांचे वारस. पण त्या प्रेक्षकाला नेमकं काय मिळत होतं? पद पुन्हा ऐकायला मिळत होतं, एवढंच. 'एकच प्याला'तली बालगंधर्वांची सिंधू पाहून लोक ढसाढसा रडले, पण सुधाकराच्या हातातला पेला काढून घ्यायला पिटातून कोणी उठून वर गेलं नाही. तशी रीतच नव्हती. शेवट नाटककारानं लिहिलेला असतो. तो बघायचा, डोळे पुसायचे आणि घरी जायचं.

या खेड्यातल्या माणसांना ती रीत ठाऊक नाही. गाणं संपताच एक धिप्पाड शेतकरी उठून नटांकडे जातो. त्याचं नाव व्हिर्जिलिओ. त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. तो म्हणतो, तुम्ही शहरची माणसं असून अगदी आमच्या मनातलं बोललात. आता आधी सगळे मिळून जेवून घेऊ. मग तुम्ही तुमच्या बंदुका घ्या, आम्ही आमच्या घेतो. जमीनदाराच्या गुंडांनी आमच्यातल्या एकाचं रान बळकावलंय, त्यांना हुसकून लावू.

नटांचे चेहरे बघा. एवढी मनापासूनची दाद त्यांना कधी मिळाली नसेल, आणि एवढी अवघडही. त्यांचा दिग्दर्शक पुढे होतो. आउगुस्तो बोआल. रिओतल्या एका पोर्तुगीज बेकरीवाल्याचा मुलगा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि नाटक शिकून परतला. तो चाचरत समजावतो, की या बंदुका प्रॉपर्टीतल्या आहेत, यांतून गोळी सुटत नाही. व्हिर्जिलिओला त्यात अडचण दिसत नाही. बंदुका खोट्या असल्या तरी माणसं खरी आहेत ना? मग त्या ठेवा इथेच, आमच्याकडे सगळ्यांना पुरतील एवढ्या आहेत. बोआलचा आता नाइलाज होतो. त्याला कबूल करावं लागतं, की आम्ही खरे आहोत ते कलावंत म्हणून, शेतकरी म्हणून नाही.

मग व्हिर्जिलिओ म्हणतो, म्हणजे गाण्यात जे रक्त सांडायचं म्हणत होतात ते आमचं. तुमचं नाही.

याला कोणाकडेच उत्तर नाही. पुढे बोआलनं लिहून ठेवलंय, की जी जोखीम मी स्वतः घेणार नाही ती घेण्याचा सल्ला देणारं नाटक त्यानंतर मी कधी लिहिलं नाही. प्रेक्षकांच्या सहभागाबद्दल आज जे बोललं जातं त्यात बहुतेक वेळा कलावंताच्या औदार्याची गोष्ट असते. त्यानं दारं उघडली, त्यानं लोकांना आत घेतलं. म्हणून तुम्हाला आधी या खेड्यात आणलं. इथे एका प्रेक्षकानं कलावंताला उघडं पाडलं आणि पुढचं सगळं तिथून निघालं.

आता दहा वर्षं पुढे. वाटेत १९६४ चा लष्करी उठाव मागे पडतो, १९६८ च्या डिसेंबरात उरलेसुरले नागरी हक्कही जातात. फेब्रुवारी १९७१ मध्ये बोआलला पकडतात. त्याचा छळ होतो. त्या खोलीत मी तुम्हाला नेणार नाही. जगभरच्या नाटकवाल्यांनी आवाज उठवला, त्याची सुटका झाली आणि बायकोच्या देशात, अर्जेंटिनात, तो निर्वासित म्हणून राहू लागला. आपल्या कामासाठी आता मात्र आपणही किंमत मोजली, असं त्याला वाटलं असेल का? मला वाटतं, व्हिर्जिलिओचा प्रश्न त्यामुळे सुटत नव्हता. सोसणं हा काही नाटक करण्याचा नवा मार्ग नव्हे. तो मार्ग त्याला पेरूमध्ये सापडला.

१९७३, लिमा. पेरूत जनरल व्हेलास्कोचं सरकार आहे. लष्करी, पण जमीन सुधारणा आणि साक्षरता या दोन गोष्टी गंभीरपणे घेणारं. 'आल्फिन' नावाची साक्षरता मोहीम जोरात आहे. माणसाला त्याच्या मातृभाषेतही लिहितावाचता यावं आणि स्पॅनिशमध्येही, असं तिचं धोरण, कारण इथे लाखो माणसं केचुआ आणि आयमारा बोलतात. अक्षरं ही एक भाषा, पण नाटक, फोटो, बाहुल्या याही भाषाच, असं मानून बोआलला बोलावलंय. पावलो फ्रेरी या शिक्षणतज्ज्ञाच्या विचाराचा बोआलवर ठसा आहे. शिकवणारा भरतोय आणि शिकणारा भरला जातोय, ही कल्पनाच फ्रेरीनं मोडीत काढली होती.

एका भिंतीपाशी थांबा. वर्गातल्या लोकांच्या हातात कॅमेरे दिलेत आणि त्यांना प्रश्न विचारलेत. उत्तर शब्दांत द्यायचं नाही, फोटोत द्यायचं. 'शोषण म्हणजे काय?' या प्रश्नावर कोणी दुकानदार आणलाय, कोणी घरमालक, कोणी सरकारी कचेरी. आणि एका पोरानं आणलाय भिंतीतल्या खिळ्याचा फोटो.

नीट बघा. साधा लोखंडी खिळा, पोराच्या हाताला पोचेल इतक्या उंचीवर. मोठ्या माणसांना काही उमगत नाही. पण वर्गातल्या सगळ्या पोरांना फोटो लगेच पटलाय. ही पोरं बूटपॉलिश करतात. राहतात लांबच्या वस्त्यांत आणि काम मिळतं शहराच्या मध्यात. पॉलिशची जड पेटी रोज घरी नेणं आणि परत आणणं जमत नाही, म्हणून ती रात्री एखाद्या दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला टांगून जातात. त्या खिळ्याचं भाडं दुकानदार घेतो. दर रात्री दोन-तीन सोल, फक्त खिळ्याचे. इतका अचूक खिळा बोआलला लिहिता आला असता? नाटककाराच्या टेबलावर बसून तो सुचत नाही, त्यासाठी पेटीचं ओझं खांद्यावर घेतलेलं असावं लागतं.

आता सान इलारिओन या वस्तीत चला. संध्याकाळ आहे, लोक जमताहेत. बोआलची मंडळी इथे एक नवा प्रकार करून बघताहेत. वस्तीतल्या कोणीतरी आपली अडचण सांगायची. नटांनी ती बसवायची, पण पेचाच्या क्षणी थांबायचं आणि प्रेक्षकांना विचारायचं, पुढे काय? लोक बसल्या जागेवरून सुचवतील ते नट लगेच करून दाखवतील. प्रेक्षक लेखक, नट त्यांचे लेखणीवाले.

आजची गोष्ट एका बाईची आहे. ती म्हणालीय, की माझा प्रश्न राजकारणाचा नाही, पण माझ्यासाठी फार मोठा आहे. तिचा नवरा वरचेवर पैसे मागायचा, घर बांधायला म्हणून. त्याबद्दल कधी कधी कागद आणून द्यायचा. हे जपून ठेव, पैसे भरल्याच्या पावत्या आहेत. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद सांभाळून ठेवले. मग एकदा दोघांचं भांडण झालं, आणि तिनं ते शिकलेल्या शेजारणीकडून वाचून घेतले. पावत्या नव्हत्या त्या. नवऱ्याच्या मैत्रिणीनं त्याला लिहिलेली प्रेमपत्रं होती, आणि बायको ती इमानानं जपत होती.

नवरा आज कामावरून परत येणार आहे. मी काय करू, एवढंच तिला विचारायचंय.

साक्षरता मोहिमेला यापेक्षा मोठं कारण कोणी शोधून दाखवावं.

नाटक सुरू होतं. नटी घरात वाट बघत बसलीय. दारावर थाप पडते आणि प्रयोग थांबतो. आता लोकांनी सांगायचं. एक बाई म्हणते, रडू दे तिला, त्याला अपराधी वाटेल, मग माफ करू दे. नटी रडते, नवरा झालेला नट विरघळल्यासारखं करतो, समेट होतो. लोक कुरकुरतात. दुसरी सुचवते, घर सोडून जा. नटी बोचकं बांधते आणि तिथेच अडते, कारण जायचं कुठे? तिसरी म्हणते, त्यालाच बाहेर काढ. नवऱ्याला बाहेर काढतात तर तो खुशीत निघतो, पगार खिशात आणि मैत्रिणीचं घर मोकळं.

तुमच्या शेजारी नजर टाका. एक आडदांड, भरल्या अंगाची बाई मघापासून धुसफुसतेय. बोआलच्या लक्षात येतं आणि तो तिला विचारतो. ती म्हणते, त्याला आत घ्यावं, त्याच्याशी स्वच्छ बोलावं आणि मगच माफ करावं. एवढंच? नटी ते करते. मऊ आवाजात नवऱ्याला समजावते, मग माफ करते. बाई आणखी चिडते. असं नाही. स्वच्छ बोलायचं. नटी आवाज चढवते. तरी नाही. नटी ओरडते. तरीही नाही. बोआल वैतागलाय, ते लपत नाही. बाईला जे हवंय ते तिच्या शब्दांत आहे, पण नटीला ते शब्दांतून मिळत नाहीये. शेवटी तो म्हणतो, बाई, तुम्हीच वर या आणि दाखवा तुमचं स्वच्छ बोलणं.

ती वर जाते. नवरा झालेल्या बिचाऱ्या नटाची गचांडी धरते, झाडू उचलते आणि त्याला बडवायला लागते. हे लटकं नाही, नट खरोखर कळवळतोय. त्याला सोडवायला इतर नट धावतात. मग ती खुर्ची ओढून मेजाशी बसते आणि सांगते, झालं आपलं स्वच्छ बोलणं. आता आत जा आणि माझं जेवण घेऊन ये, कारण मी तुला माफ केलंय.

वस्ती टाळ्यांनी दणाणून जाते. बोआलला मात्र दुसरीच गोष्ट दिसलीय. प्रेक्षकानं सुचवायचं आणि नटानं करायचं, यात मधल्या मध्ये काहीतरी हरवतं. माणूस स्वतः वर येऊन करतो तेव्हा ते इतकं त्याचं असतं, की दुसऱ्या कोणाला ते त्याच्या वतीनं करता येत नाही. 'स्वच्छ' या शब्दाचा अर्थ त्या बाईच्या मनगटात होता. प्रेक्षकानं स्वतः उठून पात्राची जागा घ्यायची या प्रकाराला पुढे 'फोरम थिएटर' म्हणू लागले, आणि आज तो जगभर चालतो.

आता जरा मागे फिरा. त्याच वस्तीत, त्याच संध्याकाळी, त्याच गर्दीत पुन्हा बसा, पण या वेळी मी तुम्हाला दुसरा प्रयोग दाखवणार आहे. कारण बोआलनं ही गोष्ट एकदाच लिहिलेली नाही.

१९७४ मध्ये त्याचं 'शोषितांचं नाट्य' हे पुस्तक आलं, त्यात ही घटना आहे. तिथे ती थोराड बाई वर येतच नाही. ती जागेवरूनच उपाय सांगते: आत घ्या त्याला, दांडकं घ्या, मनसोक्त झोडपा, त्याला पश्चात्ताप झाला की दांडकं बाजूला ठेवा, प्रेमानं जेवायला वाढा आणि माफ करा. झोडपायचं काम नटी करते. जेवण बायकोच वाढते. मघाशी तुम्ही पाहिलात तो प्रयोग त्यानं नव्वदच्या दशकाच्या सुमाराला लिहिला. त्यात ती रंगमंचावर चढते, झाडू तिच्या हातात येतो आणि जेवण आणायला नवरा आत जातो.

यावरून बोआलला खोटं पाडायची मला घाई नाही. मला यात दिसतं ते असं. पहिलं पुस्तक लिहिताना तो ही गोष्ट प्रेक्षक सुचवतात आणि नट करतात, या प्रकाराचं उदाहरण म्हणून सांगत होता. मधल्या काळात लिस्बन, पॅरिस आणि इतर किती गावांत हजारो प्रेक्षक खुर्चीवरून उठून त्याच्या नाटकात शिरले. त्या सगळ्यांनी मिळून त्याला शिकवलं, की लिमातल्या त्या संध्याकाळचं मोल कशात होतं. दुसऱ्यांदा लिहिताना ती बाई वर आली, कारण तोवर शेकडो बायका वर आल्या होत्या. ही आठवणसुद्धा एकट्याची राहिली नव्हती.

आणि एक गोष्ट दोन्ही वेळा तशीच राहिली. त्या बाईचं नाव नाही. व्हिर्जिलिओचं नाव निदान पहिलं तरी टिकलं. जिनं एका अख्ख्या नाट्यप्रकाराला जन्म दिला ती मात्र 'एक धिप्पाड बाई' म्हणूनच राहिली, आणि पुस्तकावर नाव आउगुस्तो बोआलचं. बोआलबद्दल मला फार आदर आहे. त्यानं निदान ती घटना लपवली नाही, आपल्या पद्धतीचं श्रेय वारंवार तिला दिलं. पण श्रेय देणं वेगळं आणि नाव लिहून ठेवणं वेगळं.

नावाचा हा प्रश्न मनात ठेवून १९९२ मध्ये दोन ठिकाणी डोकावून जाऊ. पहिलं न्यूयॉर्क. सोहोतली '३०३' नावाची गॅलरी. थाई कलावंत रिरक्रित तिरावनिज यानं गॅलरीचं कार्यालय उचलून बाहेरच्या दालनात आणलंय आणि आत चूल मांडलीय. भिंतीवर चित्र नाही. येणाऱ्याला गरम भात आणि करी, फुकट. तुम्ही थाळी घेऊन अनोळखी माणसाशेजारी बसता, बोलता. छान वाटतं. चित्रापुढे अवघडून उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी माणुसकीचं आहे, ते मी नाकारत नाही. पुढे क्लेअर बिशप या समीक्षक बाईंनी अशा कलेला रास्त प्रश्न विचारला, की माणसं जवळ आली हे ठीक, पण कोणती माणसं, आणि त्यांच्यात मतभेद झाले तर ते कुठे जातात? माझा प्रश्न आणखी साधा आहे. जेवणाऱ्यानं करी बदलली असती तर? इथे तुम्हाला खाता येतं. मीठ घालता येत नाही. ती कलाकृती आता न्यूयॉर्कच्याच आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे, एकट्या कलावंताच्या नावानं.

दुसरं ठिकाण रिओ. त्याच वर्षी तिथे महापालिकेची निवडणूक होते आणि कामगार पक्षाच्या तिकिटावर एक नाटकवाला नगरसेवक म्हणून निवडून येतो. तोच आपला बोआल, आता साठी ओलांडलेला. जानेवारी १९९३ पासून चार वर्षं तो सभागृहात बसतो आणि आपल्या कार्यालयाची माणसं म्हणून नाटकवाल्यांना नेमतो. ही माणसं वस्त्यांत, वृद्धांच्या मंडळांत, शाळांत, अंधांच्या संस्थांत गट बांधतात. गट आपल्या अडचणीचं नाटक बसवतो, प्रयोगात लोक मध्ये शिरून उपाय करून बघतात, आणि कोपऱ्यात बसलेला कोणीतरी कोणी काय केलं ते टिपून घेतो. टिपणं कार्यालयात येतात, वकिलांच्या हाताखालून जातात आणि त्यांतून विधेयकाचा मसुदा होतो. अशा वाटेनं आलेली तेरा विधेयकं त्या चार वर्षांत कायदा झाली. महापालिकेच्या रुग्णालयांत वृद्धांच्या उपचारांची वेगळी सोय असावी, हा त्यांतला एक. गुन्ह्याच्या साक्षीदारांना संरक्षण देणारा दुसरा.

मसुद्याखाली सही नगरसेवकाचीच असते, कायद्याला ती लागतेच. पण खालच्या फाइलीत ती टिपणं असतात. गावच्या ग्रामसभेचं इतिवृत्त ज्यांनी कधी वाचलंय त्यांना या टिपणांचं मोल लगेच कळेल.

शेवटचा मुक्काम आपल्याच देशातला आहे. पश्चिम बंगालमधलं सुंदरबन. संजय गांगुली यांनी १९८५ मध्ये इथे 'जन संस्कृती' सुरू केली. राजकीय पक्षाच्या कामातून बाहेर पडून ते खेड्यांत आले होते, नाटक हे बोलण्याचं साधन म्हणून. काही वर्षांनी बोआलच्या कामाशी त्यांची गाठ पडली, आणि बोआलही पुढे त्यांचं काम बघायला बंगालमध्ये आला. या गटातले नट मुख्यतः शेतमजूर आणि त्यांच्या घरातल्या बायका आहेत. व्हिर्जिलिओचा आक्षेप त्यांना लागूच होत नाही. रक्त त्यांचंच आहे.

संध्याकाळ. शेताच्या कडेला मोकळी जागा, बांबूचे दोन खांब, मागे कापड. खेळ 'शोनार मेये'चा, म्हणजे सोन्यासारख्या मुलीचा. मुलीला शिकायचंय, बापानं लग्न ठरवलंय, हुंडा द्यायचाय, आई गप्प आहे. गोष्ट शेवटपर्यंत एकदा दाखवतात. ती वाईट संपते. मग सूत्रधार, ज्याला हे लोक पत्त्यातल्यासारखा 'जोकर' म्हणतात, पुढे येतो आणि नियम सांगतो. खेळ पुन्हा सुरू होईल. ज्याला वाटेल त्यानं 'थांबा' म्हणायचं आणि मुलीची जागा घ्यायची. बापाची नाही. अन्याय करणाऱ्याला एका रात्रीत देवमाणूस करून टाकलं तर प्रश्न सुटल्याचं समाधान मिळतं आणि सकाळी तो तिथेच असतो. उपाय खराच चालेल का, हेही प्रत्येक वेळी गावाला विचारलं जाईल.

आता तुम्ही उठा. इतका वेळ नुसतं बघत आलात.

तुम्ही 'थांबा' म्हणता. मुलगी झालेली नटी तुमच्या खांद्यावर ओढणी टाकते आणि बाजूला होते. तुम्ही बापाला समजावू लागता. शिक्षणाचं महत्त्व, कायद्यानं ठरवलेलं लग्नाचं वय, हुंडाबंदी. तुमचं सगळं बरोबर आहे. बाप झालेला नट शेतमजूर आहे, त्यानं असा बाप जन्मभर पाहिलाय. तो विचारतो, धाकट्या दोघींचं काय करू ते सांग. तुम्ही अडखळता. तो म्हणतो, आत जा. आणि तुम्ही खरंच दोन पावलं मागे जाता. पोटात कसंतरी होतं. एवढं वाचलेल्या, एवढं बोलता येणाऱ्या तुम्हाला, एका वाक्यानं आत पाठवता येतं, हे अंगाला कळतं.

जोकर तुमचे आभार मानतो, गाव टाळ्या वाजवतं. अपयशी प्रयत्नालाही इथे टाळ्या पडतात, कारण तो कुठे अडतो ते सगळ्यांना दिसलेलं असतं.

मग पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी उठते. ओढणी तिच्या खांद्यावर जाते. ती बापाकडे बघतच नाही. आईसमोर जाऊन बसते आणि विचारते, तुझं लग्न ठरलं तेव्हा तुला कोणी विचारलं होतं? आईचं काम करणाऱ्या बाईला संहितेत उत्तर दिलेलं नाही. ती थांबते, आणि मग स्वतःच्या मनानं बोलू लागते. बाप झालेल्या नटाला काही सुचत नाही. प्रेक्षकांतल्या बायका एकमेकींकडे बघताहेत. उपाय चालेल का, असं जोकर विचारतो तेव्हा एकदम चार-पाच जणी बोलायला लागतात, आणि पुरुषांतला एक म्हातारा म्हणतो, पुढच्या खेपेला आईला आधीच बोलू द्या.

पुढची खेप असते. हा गट एकदा प्रयोग करून निघून जात नाही, त्याच गावात तेच नाटक पुन्हा पुन्हा नेतो. मधल्या दिवसांत गाव आपसांत बोलतं. काही ठिकाणी अशाच प्रयोगांनंतर बायकांनी एकत्र येऊन गावठी दारूचे अड्डे बंद पाडले. सिंधूचा पेला शेवटी असा हातातून काढून घेतला गेला, पिटातून उठलेल्या बायकांकडून.

आता परत या. सहभागाची कला करणाऱ्या गटांची आपल्याकडेही उणीव नाही. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, गोवा, कुठेही बघा. वस्तीतल्या मुलांबरोबर नाटक बसवणारे आहेत, बायकांच्या गोष्टी गोळा करून प्रयोग करणारे आहेत, भिंती गावाकडून रंगवून घेणारे आहेत. काम चांगलं आणि मनापासून होतं. पत्रिकेवर मात्र संकल्पना एकाची, दिग्दर्शन एकाचं आणि खाली 'वस्तीतील महिलांच्या सहभागाने'. त्या महिला किती, कोण, कोणत्या प्रवेशात कोणामुळे काय बदललं, हे दोन वर्षांनी दिग्दर्शकालाही सांगता येत नाही. मग अनुदानाच्या अर्जात आणि परिसंवादात बोलतो तो दिग्दर्शकच. सह्याही त्याच्याच आणि मानधनही त्याचंच.

तेव्हा या कामात असलेल्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. तालमीला एक वही ठेवा. ज्यानं प्रसंग बदलला त्याचं नाव, तारीख आणि काय बदललं ते त्याच रात्री लिहा. ज्यांना नाव नको असेल त्यांना विचारून ते गाळा, पण आधी विचारा. प्रयोगाचे पैसे आले तर वाटणी त्या वहीवरून करा, आणि संहिता छापायची वेळ आली तर लेखक म्हणून ती नावं पहिल्या पानावर घाला.

सान इलारिओनच्या त्या संध्याकाळी हे कोणी केलं नाही, म्हणून फोरम थिएटर जिच्यामुळे जन्मलं तिचं नाव आज कोणालाही सांगता येत नाही.